होल्डर हातात कधी द्यायचा?

१ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. या ६१ दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळी विणली जातात, नौकांचे रंग खरवडले जातात, आणि वर्षभर कसंबसं चालवून घेतलेलं सगळं लोखंड एकदम वेल्डिंगवाल्याच्या दारात येतं. विंचचा तुटलेला ब्रॅकेट, सुकाणूची झिजलेली पट्टी, छपराचे गंजलेले पाइप, डिझेलची गळकी टाकी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा याच दोन महिन्यांत कोसळतो. म्हणजे विजेनं लोखंड वितळवण्याचं काम इथे सर्वांत जास्त असतं ते सगळं ओलं असताना. हात कमी पडतात, म्हणून नवा पोरगाही बहुधा याच दिवसांत कामाला लागतो.

त्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ, द्यायचा की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. मिरकरवाड्यापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत कुठेही विचारलं तरी ती ऐकू येतील. ती समोरासमोर यावीत म्हणून मी ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक मामा. तीस-पस्तीस वर्षं याच धंद्यात, शिकला तो दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली, दुकान मिऱ्याच्या वाटेवर. दुसरी त्याची भाची. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड, त्यानंतर कारखान्यात ॲप्रेंटिसशिप, आता संध्याकाळी मामाच्या दुकानात. शिकायला येणारा मुलगा अठरा पूर्ण झालेला, शेजारच्या वाडीतला. तो या संभाषणात नाही, पण सगळं चाललंय ते त्याच्यावरूनच.

मामा : पोरगा सोमवारपासून येतोय. आल्या आल्या होल्डर देणार त्याला. भंगारातली पट्टी, दहा नंबरचा रॉड, बस आणि मार रन. रॉड चिकटेल, हिसका देऊन सोडवेल, परत चिकटेल. शंभर वेळा चिकटल्याबिगर हाताला कळत नाय गो.

भाची : चिकटू दे की, माझी ना कुठे आहे? पण सोमवारी नको. पहिला आठवडा त्यानं पट्ट्या कापाव्यात, घासाव्यात, गुण्या लावून जुळवाव्यात. तू मारलेल्या रनवरचा स्लॅग काढावा. मशीन कुठून बंद होतं ते डोळे मिटून सापडलं पाहिजे त्याला. मग होल्डर.

मामा : आठवडाभर घासकाम? पळून जाईल. आग बघायला आलाय तो. तुमच्याकडे वर्ष असतं, वेळ काढायला परवडतं. माझ्याकडे दोन महिने, आणि दारात सतरा नौकावाले उभे.

भाची : घाईच्या दिवसांत आलाय म्हणूनच म्हणते.

मामा : बरं, मला एक सांग. तुला वर्गात फळ्यावर आर्क शिकवला तेव्हा आला का?

भाची : नाही आला.

मामा : मग? रॉडचं टोक पट्टीपासून किती वर धरायचं? रॉड जेवढा जाड तेवढंच, तीन मिलिमीटर. सांगायला सोपं. पण रॉड जळत जळत आखूड होतो, म्हणजे हात सारखा खाली आणायचा, त्याच वेळी पुढे सरकवायचा, आणि कोन सत्तर-पंच्याहत्तरचा राखायचा. तीन हालचाली एकदम, आणि काळ्या काचेतून दिसतं काय, तर ठिपक्याएवढा उजेड. मग कान लागतो. तापल्या तेलात मासळी सोडली की जसा एकसारखा आवाज येतो तसा आला पाहिजे. फटफट व्हायला लागलं की रॉड लांब गेला. आवाज दबला की चिकटणार. हे कुठल्या पुस्तकात ऐकू येतं?

इथे मामा शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याची बाजू अर्धवट ऐकून सोडून देण्यासारखी नाही. आर्क वेल्डिंगची कल्पना साधी आहे. रॉड आणि काम यांच्यात बारीक फट राखली की त्या फटीतून वीज उडते, काही हजार अंशांची उष्णता निर्माण होते, पट्टीची कड आणि रॉडची तार दोन्ही वितळून एक छोटं डबकं होतं; ते थिजून उरते ती रेघ म्हणजे रन. रॉडवरचं लेपण जळून वायूचं आवरण देतं, म्हणजे वितळलेल्या लोखंडाला हवा लागत नाही. उरलेलं लेपण वर स्लॅग होऊन बसतं. कसब सगळं त्या डबक्यात आहे. शिकाऊ माणूस उजेडाकडे बघतो, शिकलेला डबक्याकडे. डबक्याची मागची कड गोल राहते आहे का, ते दोन्ही पट्ट्यांना सारखं धरतं आहे का, स्लॅग पुढे धावतो आहे का, हे दिसायला लागणं म्हणजे वेल्डिंग येणं. ते हात चालवल्याशिवाय येत नाही.

भाची : मामा, तू आता जे सांगितलंस ना, आवाज ऐकून रॉड जवळ ठेवायचा, तेच मी सुरक्षिततेच्या तासाला शिकले. आर्क लांब गेला की ठिणग्या जास्त उडतात, धूर जास्त होतो, डोळ्यांवर मारा जास्त होतो. हात चांगला तोच कमी भाजतो. ही दोन वेगळी शिक्षणं आहेत असं मी म्हणतच नाही.

मामा : मग भांडण कशावरून?

भाची : पहिल्या दिवसावरून. तू सांग, तुला पहिला शॉक कधी लागला?

मामा : कधी? दर पावसाळ्यात लागतो. हातमोजा भिजला की टिचकी बसते. ८० व्होल्टनं काय होतं गो? घरातल्या बोर्डात २३० असतात.

भाची : कोरड्या हाताला फारसं होत नाही, म्हणूनच तू इथवर आलायस. रॉड कुठे टेकलेला नसतो तेव्हा मशीनच्या टोकाला ७०-८० व्होल्ट असतात. आर्क लागला की वीस-पंचवीसवर येतात. म्हणजे काम चालू असतं तेव्हा नाही, तू रॉड बदलतोस तेव्हा धोका सर्वांत जास्त. आता चित्र बघ. जुलै महिना, पोरगा घामानं आणि पावसानं भिजलेला, पायात स्लीपर, नौकेच्या लोखंडी डेकवर गुडघे टेकून बसलाय. भिजलेल्या हातमोज्यानं नवा रॉड होल्डरात लावतो. वीज हातातून शिरून छातीतून गुडघ्यानं बाहेर. आणि तो चिकटून राहिला तर आजूबाजूला कोणाला कळत नाही, कारण सगळ्यांचे चेहरे काचेमागे.

मामा : बोर्डावर ईएलसीबी बसवलाय मी. मागच्याच वर्षी.

भाची : तो मशीनपर्यंतच्या वायरीसाठी. मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे, रॉडकडची बाजू मेनपासून सुटी आहे. रॉडचा शॉक ईएलसीबीला दिसतच नाही. तो पडणार नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसला असेल, असं मला वाटतं. दुकानं चालवणाऱ्या बऱ्याच जणांना ही गोष्ट ठाऊक नसते. बोर्डावर सुरक्षेचं बटण बसलं की सगळं सुरक्षित झालं, असा समज पक्का असतो. रॉडच्या बाजूला माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत: कोरडे चामड्याचे हातमोजे आणि पावसात बदलायला दुसरा जोड, रबरी तळाचे बूट, बसायला कोरडी फळी, न फुटलेला होल्डर, खांद्याला किंवा कमरेला केबल न गुंडाळणं, रॉड काखेत न धरणं. नव्या इन्व्हर्टर मशीनपैकी काहींना काम थांबताच व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय असते. पावसाळ्यात बंदरावर काम करायचं तर मशीन घेताना पहिला प्रश्न तो विचारावा. किती अँपिअर हा प्रश्न त्यानंतरचा.

मामा : बरं, बूट देतो. फळी देतो. झालं? मग सोमवारी होल्डर?

भाची : डोळे राहिले.

मामा : डोळ्यांचं मला नको सांगू. ज्याचे डोळे एकदा गेले नाहीत तो वेल्डर नाय. मी पहिल्याच महिन्यात टाके मारताना काच वर करून बघत होतो. दिवसभर काय नाय. रात्री बारा वाजता डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. दोन दिवसांनी बरा. परत काच वर केली नाय कधी. असा धडा मिळाला की आयुष्यभर पुरतो.

भाची : तुला तो धडा मिळाला, कारण तू रात्री जागा राहिलास आणि कारण शोधलंस. पण उजेड दुपारी, दुखणं मध्यरात्री. मधे आठ-दहा तास. पोरगा म्हणेल, काल बाजारात धूळ गेली. आणि तुझ्या शेजारी उभं राहून बघणारा? चहा घेऊन आलेला? रस्त्यावरची शाळेतली मुलं? त्यांच्या हातात काच नाही. पांढऱ्या भिंतीवरून परत येणारा उजेडही लागतो. तुझ्या दुकानाला रस्त्याच्या बाजूनं पडदा नाही.

मामा : ताडपत्री लावीन.

भाची : लाव. आणि काच दहा किंवा अकरा नंबरची. गॅस कटिंगचा गॉगल घालून आर्क बघायचा नाही, तो पाच नंबरचा असतो.

आता माझं मत सांगतो, कारण या वादात एक गोष्ट दोघांच्याही हातून निसटते आहे असं मला वाटतं. दुकानातला प्रत्येक धोका एकाच जातीचा नाही. ठिणगी बुटात गेली तर त्याच क्षणी कळतं. गरम पट्टीला हात लावला तर बोट स्वतःच शिकतं. रॉड चिकटला तर मशीन गुरगुरतं. अशा ठिकाणी मामाची शाळा उत्तम आहे, कारण चूक आणि शिक्षा यांच्यात अंतर नाही. पण जिथे शिक्षा आठ तासांनी येते, वीस वर्षांनी येते किंवा एकदाच येऊन दुसरी संधी ठेवत नाही, तिथे अनुभवाला शिक्षक नेमता येत नाही. मामाच्या अनुभवात जे घडलं नाही, ते घडत नाही असं त्याला वाटतं. पण ज्यांच्या बाबतीत घडलं, त्यांतले काही सांगायला उरलेले नाहीत. पहिला आठवडा कशाला हवा, याचं खरं उत्तर इथे आहे. भाचीनं ते धुरावरून काढलं.

भाची : पाइपाचं काम आलंय ना छपराचं? जीआय पाइप?

मामा : या गावात दुसरं काय चालतं? खाऱ्या वाऱ्यात साधा पाइप चार पावसाळे टिकत नाय. जीआय नायतर एसएस, स्टेनलेस.

भाची : जीआयवरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायला पंधराशे लागतात. म्हणजे तुझा रन बसायच्या आधी जस्ताचा धूर झालेला असतो, आणि तू त्यावर वाकलेला असतोस. तो पांढरा धूर.

मामा : संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो तो? माहीत आहे. दूध प्यायचं, गूळ खायचा. सकाळी ठणठणीत.

भाची : सकाळी ठणठणीत होतोस ते दुधानं नाही. तो ताप तसाही एका दिवसात उतरतो. सलग काम केलं की अंगाला सवय होते, सुट्टी घेऊन परत आलं की पुन्हा येतो. म्हणून सगळ्यांना वाटतं की हा धंद्याचा भाग आहे. पण ताप उतरला म्हणजे धूर संपला असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू, ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात. साध्या लोखंडाच्या धुरालाही. आणि एसएसच्या धुरात क्रोमियम असतं, ते वेगळंच.

मामा : रुमाल बांधतो की तोंडाला.

भाची : धुराचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. रुमालानं फक्त तुला बरं वाटतं.

मामा : मग पाइप नाय जोडायचे?

भाची : जोडायचे. सांध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जस्त घासून काढायचं, घासताना मास्क. मग डोकं धुराच्या रेषेत नाही, बाजूला ठेवून रन. वारा पाठीमागून नाही, बाजूनं येईल असं बसायचं. पाठीमागून आला की तो तुझ्या अंगाला वळसा घालून धूर तुझ्याच तोंडासमोर घोटाळत ठेवतो. बंदरावर वाऱ्याला कमी नाही, तो आपल्या बाजूनं लावून घेता येतो. काम झालं की घासल्या जागी जस्ताचा रंग, नाहीतर तिथूनच गंज धरेल.

वाऱ्याची ही गोष्ट थोडी पुढे नेण्यासारखी आहे. आता लहान दुकानांतही सीओटू वेल्डिंग आलं आहे. तार आपोआप येत राहते, रॉड बदलावा लागत नाही, स्लॅग काढावा लागत नाही, आणि नव्या माणसाचा हात त्यावर लवकर बसतो. एसएसच्या रेलिंगसाठी आर्गॉन चालतं. या दोन्हींत वितळलेल्या धातूचं रक्षण नळीतून येणारा वायू करतो. बंदरावरच्या वाऱ्यात तो वायू उडून जातो आणि रनमध्ये भोकं पडतात. म्हणून उघड्यावरच्या दुरुस्तीला जुना रॉडच खरा, आणि शिकणाऱ्यानं सुरुवात रॉडनं करावी यावर मामा-भाचीचं एकमत आहे. मासळी ठेवण्याच्या बंद खणात मात्र उलट अडचण असते. तिथे वारा नाही. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड, ते तळाशी साठतात आणि श्वासातला ऑक्सिजन हटवतात. त्यांना वास नाही, रंग नाही. अशा खणात एकट्यानं उतरायचं नाही. वर कोणीतरी सतत बघत उभा असलाच पाहिजे.

मामा : तू मला एवढं सांगतेस, मी तुला एक विचारतो. मी वेल्ड केलेला एक तरी ब्रॅकेट परत आलाय का? मला कागद नाय, पण काम टिकलंय.

भाची : तुझं काम चांगलं आहे, ते मी बाहेरही सांगते. पण ‘टिकलं’ हा पुरावा पोराला शिकवू नकोस. १९४३ सालच्या जानेवारीत अमेरिकेत शेनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज होतं, रिव्हेट न मारता वेल्डिंगनं बांधलेलं. समुद्रावर चाचणी झाली, पास झालं. धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना, रात्री, मधोमध दोन तुकडे. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं आणि वेल्डिंगमध्ये दोष. त्या रात्रीपर्यंत तेही ‘टिकलेलं’ होतं.

मामा : जहाजाचं वेगळं. इथे मिऱ्यावर भारती शिपयार्डात जहाजं बांधायचे तेव्हा तिथल्या वेल्डरांच्या परीक्षा व्हायच्या, एक्स-रे काढायचे रनचे. गेटवाल्याला कोण एक्स-रे काढतो?

भाची : एक्स-रे नको. हातोडा आहे ना? दोन पट्ट्या काटकोनात, एका बाजूनंच रन मारायचा, व्हाइसमध्ये धरून मोडायचा. मोडल्यावर आत बघायचं. भोकं किती, स्लॅग अडकलाय का, मुळापर्यंत वितळलंय का. पोरानं पहिले वीस सांधे मोडण्यासाठीच जोडावेत. वरून सुंदर दिसणारा रन आतून नुसता चिकटलेला असतो, हे त्यानं स्वतःच्या हातानं मोडून बघावं.

मामा : हे मला पटलं. हे आमच्या मिस्त्रीनंही करवून घेतलं होतं माझ्याकडून. मोडलं की शिव्या.

भाची : शिव्या वगळून करू या. आणि रॉड. पावसात उघड्या पुड्यातले रॉड मारतोस. सुकाणूसारख्या कामाला ७०१८ वापरतोस ना? तो ओला असला की लोखंडात हायड्रोजन शिरतो आणि सांध्याजवळ तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजून घ्यायला हवा.

मामा : मी होल्डरात धरून शॉर्ट करतो, लाल होतो, सुकतो.

भाची : लेपण जळतं त्यात. सुकत नाही. साध्या ६०१३ ला पेटीत बल्ब लावून ठेवलंस तरी भागेल, पण ७०१८ ला भट्टी लागते. नसेल तर सीलबंद पुडा फोडायचा आणि त्याच दिवशी संपवायचा.

मामाच्या दुकानात सर्वांत जास्त माणसं जखमी कशानं झाली, असं विचारलं तर तो वेल्डिंगचं नाव घेणार नाही. ग्राइंडर म्हणेल. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं जात असते. अशा वेगात चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल हे गार्ड ठरवतो, आणि गार्डच सर्वांत आधी काढून फेकलेला असतो, कारण तो कोपऱ्यात शिरायला आडवा येतो. कापायची पातळ चकती आडवी धरून घासणं, पाण्यात भिजलेली किंवा मुदत उलटलेली चकती लावणं, वेल्डिंगची काच आहे म्हणून वेगळा गॉगल न घालणं, हे सगळं रोज दिसतं. घासकामाला ‘हलकं काम’ समजून पहिल्या दिवशी नव्या पोराच्या हाती ग्राइंडर देतात. भाचीनं आठवडाभर घासकाम सुचवलं तेव्हा हे मनात आलं, आणि इथे तिच्याही मताला मी मुरड घालीन: पहिले दोन दिवस कानस आणि वायर ब्रश, ग्राइंडर नंतर आणि कोणीतरी शेजारी उभं असताना.

भाची : आता शेवटचं. गॅस आणि टाकी.

मामा : गॅसचं मी नीट शिकवतो. काळा ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा. ॲसिटिलीनचे आटे उलटे, डावे. गळती साबणाच्या पाण्यानं बघायची, काडीनं नाय. ॲसिटिलीन एक किलोच्या वर चढवायचं नाय. आडवा आणला असेल तर उभा करून काही तास थांबायचं.

भाची : आणि तेल?

मामा : ऑक्सिजनला तेल-ग्रीस लावायचं नाय.

भाची : इंजिनरूममधून वर आलेल्या माणसाचे हात बघ एकदा. त्याच हातांनी तो तुला व्हॉल्व्ह उघडून देतो. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीस, ठिणगी लागतच नाही. व्हॉल्व्हला फक्त एकानं हात लावायचा, धुतलेला. आणि नळीत उलटी ज्योत गेली तर सिलिंडरपर्यंत पोचू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्हींवर.

मामा : टाकीचं बोल.

भाची : उद्या डिझेलची टाकी येतेय, गळकी. तू काय करणार होतास?

मामा : रिकामी करून आणायला सांगितलंय. डिझेल काय पेट्रोल नाय. काडी टाकली तरी विझते.

भाची : बादलीतलं विझवतं. टाकीच्या तळाशी बोटभर गाळ राहतो, पत्र्याच्या सांध्यात राहतो. तू बाहेरून आर्क लावलास की तोच गाळ तापून वाफ होते, बंद टाकीत हवेशी मिसळते, आणि त्याच पत्र्यावर तुझा आर्क. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३७ व्या कलमात हे स्वच्छ लिहिलं होतं: ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेल्या टाकीतून तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग किंवा कटिंग नाही.

मामा : तो कायदा कारखान्याला. आम्ही दोघे-तिघे.

भाची : वाफेला माणसं मोजता येत नाहीत, मामा.

मामा बरोबर बोलतो आहे, हेही नोंदवलं पाहिजे. दोन-तीन माणसांच्या दुकानाला असा कायदा लागूच होत नाही आणि तपासायला कोणी येतही नाही. कारखान्यात गरम कामाचा परवाना लागतो, आग विझवायचं सामान घेऊन माणूस उभा राहतो, काम संपल्यावर अर्धा तास जागेवर नजर ठेवली जाते. बंदरावर नौकेच्या पत्र्याला बाहेरून वेल्ड करताना आतल्या बाजूला मासळीच्या खणाचा फोम आहे का, हे विचारणारा कोणी नसतो. तो फोम आतल्या आत धुमसतो आणि माणसं घरी गेल्यावर पेटतो. जिथे कायदा पोचत नाही तिथे दुकानाच्या मालकाचा शब्दच कायदा असतो. म्हणून नव्या पोराला काय शिकवायचं यापेक्षा मामा स्वतः काय नाकारतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोरगा ते बघत असतो.

मामा : नाकारायचं म्हणजे गिऱ्हाईक साखरतरला जाणार. तिथला कोणीतरी दहा मिनिटांत डाग मारून देईल.

भाची : देईल.

मामा : आणि जीआय घासायचा वेळ? मास्क? दुसरा जोड हातमोजे? कोण भरणार? मी फुटावर भाव करतो. फुटात घासकाम बसत नाय.

भाची : मग भाव फुटावर करू नकोस. कोटेशनमध्ये वेगळी ओळ घाल, ‘जस्त काढणे व परत लावणे’. गिऱ्हाइकाला सांग की न घासता मारलेला सांधा भोकांचा होतो आणि तिथूनच गंजतो. ते खरंही आहे. रेलिंगवाले पॉलिशचे वेगळे लावतात तेव्हा देतातच ना लोक?

मामा : काही देतील. सगळे नाय.

भाची : सगळे नाही देणार.

मामा : बरं. पोराचं असं करू. सोमवार-मंगळवार कानस, ब्रश, मशीन बंद-चालू. बुधवारी होल्डर, कोरड्यात, शेडच्या आत, तू संध्याकाळी आल्यावर. आठवडा नाय थांबणार मी.

भाची : बुधवार चालेल. ग्राइंडर पुढच्या आठवड्यात. नौकेवर या दोन महिन्यांत नाही.

मामा : नौकेवर नाय? मग मला हात कशाला घेतला?

भाची : दुकानात जुळवाजुळव करायला. नौकेवर ऑगस्टमध्ये, नौका समुद्रात गेल्यावर जी चार-दोन उरतील त्यांच्यावर.

मामा : ते बघू. आणि टाकीवाल्याला तू फोन कर. माझ्या तोंडून त्याला पटायचं नाय, तीस वर्षं मीच त्याला मारून देतोय.

भाची : काय सांगू?

मामा : तूच सांग काय ते.

भाची : गाळ काढून, साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुवून, सगळी झाकणं उघडी ठेवून आणायची. इथे आपण ती गळतीच्या जागेच्या खालपर्यंत पाण्यानं भरणार, म्हणजे आत वाफेला जागाच कमी. झाकण उघडंच. मग रन. उद्या नाही, परवा दुपारी.

मामा : आणि पैसे जास्त.

भाची : ते तू सांग.